विस्ताई आणि म्हाळसेच्या दारातला विस्तव

मोरवेळच्या सड्यावर, म्हणजे उंच कातळी माळावर, जिथे कातळ संपतो आणि खाली एकदम समुद्रच लागतो, तिथे एका चौथऱ्यावर लाकडाची एक बाई उभी आहे. कंबरेच्या खाली ती नाहीच. तिथे एक जाड, वळलेले लाकूड आहे. नाकडोळे वाऱ्यापावसाने केव्हाच पुसले. दोन्ही हातांत मात्र एक पसरट वाडगे तिने अजून घट्ट धरून ठेवले आहे. तिच्यापुढे तीन धोंड्यांची मोठी चूल आहे आणि ते धोंडे इतके काळे झाले आहेत की हात लावला तर बोट काळे होते. पाहुणे हात लावतातच. मग रुमाल शोधतात.

ही आमची विस्ताई. गावातली म्हातारी माणसे इस्ताय म्हणतात.

नावाचा अर्थ काय, हे पहिल्या दहा पावलांतच विचारले जाते, आणि उत्तरांना तोटा नाही. विस्तव राखते ती विस्ताई, असे गावातल्या बायका सांगतात. शेजारच्या गावचे एक भटजी वंशाचा विस्तार करणारी ती विस्ताई म्हणून सांगत, आणि मूल होत नसलेल्या बायकांकडून इथे नारळ ठेववीत. एकदा एक पाद्री आले होते, भले गृहस्थ. त्यांनी लाकडावर कोरलेली पुसट अक्षरे बोटाने चाचपली आणि सांगितले की ही वेस्ता, फार जुन्या काळच्या रोम शहरातली चुलीची देवी. तिच्या देवळात म्हणे मूर्ती नसायचीच, नुसती आग असायची. ती आग मुली राखायच्या, आणि ती विझली तर साऱ्या शहराला धडकी भरायची. कॉलेजातली मुले येतात ती म्हणतात, या नावाचा एक लघुग्रह आकाशात फिरतो आहे. मालवणच्या एका जुन्या दुकानदाराला तर हे नाव मेणाच्या आगकाड्यांच्या डबीवर वाचल्याचे आठवत होते. ज्याला जिथे भेटली तिथला अर्थ त्याने तिला लावला. त्यात खोटे कोणीच नाही. पण मोरवेळमध्ये या नावाला आणखी एक अर्थ आहे. तो पुस्तकात नाही, आणि तो सांगायचा तर म्हाळसेची गोष्ट सांगावी लागते.

शिडाच्या गलबतांचा काळ होता, असे सांगतात. एका वादळात टोपीवाल्यांचे एक जहाज आमच्या खडपांवर आपटून फुटले. खडपे म्हणजे हे खाली दिसतात ते, भरतीला झाकले जाणारे खडक. जहाजाच्या नाकावर बसवलेली ही बाई लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली, आणि तिला मिठी मारून एक खलाशी जिवंत आला. तांबडा, दाढीवाला, अंगावर धड कपडा नाही. गावाने त्याला गावच्या तांडेलाच्या घरी नेले. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याचे घर सड्याच्या पायथ्याशी, दक्षिणेच्या अंगाला, गावातले पहिले घर. त्या घरात तेव्हा नवी सून आली होती, तिचे नाव म्हाळसा.

म्हाळसेनेच त्या तांबड्याला पेज भरवून उभे केले. त्याची भाषा कोणाला येत नव्हती. पण तो बरा होऊन बसू लागला तेव्हा तिच्या चुलीशी येऊन बसे, किनाऱ्यावरच्या लाकडी बाईकडे बोट दाखवी आणि मग जाळाकडे. पुन्हा बाईकडे, पुन्हा जाळाकडे. ‘वेस्ता, वेस्ता’ म्हणे. घरातली बाकीची माणसे हसायची. म्हाळसेला मात्र कळले, की ही बाई आणि ही चूल एकच आहेत असे याला सांगायचे आहे. परदेशातल्या देवीच्या नावाचा अर्थ मोरवेळमध्ये सगळ्यांत आधी कळला तो तिला, आणि पुढे ज्याचे वाईट वाटते ते याचेच.

जायच्या आधी त्या खलाशाने एक काम केले. गावकऱ्यांकडून ती बाई सड्यावर नेऊन बसवून घेतली, पुढे तीन धोंडे मांडले, मग खाली आला आणि म्हाळसेपुढे हात पसरून उभा राहिला. तिने सासूकडे पाहिले. सासूने मानेने होकार दिला, कारण दिवस चांगला वर आला होता, दिवेलागण लांब होती. म्हाळसेने चुलीतला विस्तव करवंटीत घालून त्याच्या हातात दिला. सड्यावरची पहिली आग ती. तांबडा पुढे कोणत्याशा गलबताने निघून गेला, आणि त्याचे काय झाले ते कोणाला ठाऊक नाही.

आग मात्र राहिली, कारण ती गावाच्या कामाची निघाली. खाडीचे तोंड सड्याच्या उत्तरेला आहे. समुद्रावरून अंधार पडता परतणाऱ्या होड्यांनी सड्यावरची आग उजव्या हाताला ठेवायची आणि आत शिरायचे, की सरळ खाडीत. आगीच्या दक्षिणेला चुकून गेले तर खडपे. गावाने आग राखायचे काम काशी नावाच्या बाईला दिले. तिचा नवरा समुद्रात गेला होता आणि मागे कोणी नव्हते. प्रत्येक होडी तिला वाट्याचे मासे देई. काशी दिवसभर निखारे राखेखाली निजवून ठेवी आणि सांज झाली की फुंकून जागे करी. पावसाळ्यात होड्या बंद असत तेवढे सोडले, तर वर्षे गेली पण तिची आग विझल्याचे कोणी पाहिले नाही.

इकडे म्हाळसेचे दिवस फिरले. सासू गेली, सासरा गेला, आणि नवरा तापाने गेला. एकुलता एक मुलगा, आमच्या बोलीत झील, गुणाजी, तिने वाढवला. नियमाने ती फार कडक झाली. एकट्या बाईला घर राखायचे असेल तर नियमच धरून बसावे लागते, असे तिला वाटे. आणि नियम तर होतेच. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरातले मीठ, विरजण आणि विस्तव बाहेरच्या माणसाला द्यायचा नाही, घरची लक्ष्मी त्याच्याबरोबर जाते. हे सगळ्या मुलखात पाळतात. आमच्या दर्यावर्दी लोकांत त्यावर आणखी एक गाठ होती. घरचा माणूस समुद्रात असताना दिवा लागल्यावर विस्तव दिला, तर तो माणूसच घराबाहेर दिला. म्हाळसा ते जिवापाड पाळत असे. त्यात तिची चूक काय म्हणावी? तिच्या जागी कोणीही असते तरी तेच केले असते, आणि त्या संध्याकाळी सगळ्यांनी तेच केले.

गुणाजी वयात आला, लग्न झाले, बायकोला दिवस गेले. त्या वर्षी गावाने त्याला तांडेल केले. कार्तिक वद्य त्रयोदशीला तो पहिल्यांदाच स्वतःच्या हुकमाने होडी घेऊन बाहेर पडला. आणखी दोन होड्या बरोबर होत्या, त्यांचे तांडेल जुने, मुरलेले. निघताना गुणाजी काय बोलला ते कोणी सांगत नाही. आईने त्याच्या होडीच्या नाकाला हळदकुंकू लावले, एवढे सांगतात.

दुपार कलली आणि ज्याची कोणाला अपेक्षा नव्हती असा अवकाळी पाऊस आला. आडवा आला, समुद्रावरून. सड्यावर आडोसा नाही. काशीने आपले लुगडे चुलीवर धरले, अंगाने वारा अडवला, तरी पाणी कातळावरून वाहत आले आणि धोंड्यांच्या मधे भरले. राख वाहून गेली. निखारे काळे पडले. चकमक होती, पण तिचा कापूस भिजून लगदा झाला होता. पाऊस थांबला तोवर सूर्य ढगांआडूनच बुडाला होता, आणि समुद्रावर होड्यांचा पत्ता नव्हता.

काशी सड्यावरून धावत खाली आली. पायथ्याचे पहिले घर म्हाळसेचे. म्हाळसा तुळशीपुढे दिवा ठेवून नुकतीच वळत होती. काशी खळ्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या कडेला, भिजल्या अंगाने उभी राहिली. पुढचे चार शब्द मोरवेळमध्ये लहान मुलालाही पाठ आहेत, त्यातले वायच म्हणजे थोडासा.

“म्हाळसावयनी, वायच इस्तव दी. सड्यावरचो इजलो.”

म्हाळसेने दिव्याकडे पाहिले. म्हणाली, “दिवो लागलो गो काशी. आता घरातली आग भायर जावची नाय. माझो झील दर्यात आसा.”

काशी म्हणाली, “तुझो झील दर्यात आसा म्हणानच मागतंय.”

असे सांगतात की यावर म्हाळसेने एक पाऊल चुलीकडे टाकलेही होते. मग ती थांबली आणि म्हणाली की पुढच्या घरी विचार. काशी पुढच्या घरी गेली. तिथल्या बाईने विचारले की म्हाळसेने दिला का? नाही म्हटल्यावर तिनेही नाही म्हटले. तांडेलाच्या घरचीच देत नाही तर आपण का गाठ सोडावी? पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. प्रत्येकीचे कोणी ना कोणी समुद्रात होते. काशीने कोणाला शाप दिला नाही की कोणाशी भांडली नाही. ती खाडीच्या कडेने आत कुंभारवाडीकडे पळत सुटली. तिथली माणसे समुद्रावर जात नसत, आणि त्यांची मडकी भाजायची भट्टी त्या दिवशी गरम होती. कुंभारणीने काही न विचारता एका नव्या मडक्यात निखारे भरून दिले. पण कुंभारवाडी लांब आहे. आज मोटारीने गेलात तरी तुम्हाला लांब वाटेल.

आता म्हाळसेकडे पाहायचे. काशी गेली आणि तिला घरात बसवेना. सड्याकडे पाहिले तर काळोख. आपण नियम पाळला, बरोबर केले, असे ती मनाशी म्हणत राहिली, आणि तरी पुन्हापुन्हा खळ्यात येऊन सड्याकडे पाहत राहिली. मग तिला एक सुचले. घरातली आग बाहेर द्यायची नाही, पण घरातच मोठी करायला कोणाची ना आहे? खळे आपलेच. तिने चुलीतली लाकडे ओढून खळ्यात आणली, त्यावर गोठ्यातल्या सुक्या झावळ्या टाकल्या, शेणी टाकल्या, आणि माडाच्या निम्म्या उंचीचा जाळ केला. पोटुशी सून दारात उभी राहून बघत होती. म्हाळसा तिला म्हणाली म्हणे, की बघ, लक्ष्मीही घरात राहिली आणि गुणाला उजेडही झाला. त्या संध्याकाळी ती एवढ्यापुरती सुखात होती. पुढचे ठाऊक असल्यामुळे हे सांगताना जीभ जड होते.

तीन होड्या अंधारात एकापाठोपाठ आल्या. जुन्या दोघा तांडेलांनी जाळ पाहिला आणि त्यांना तो बसका वाटला. विस्ताई इतकी खाली कशी, म्हणून त्यांनी बाहेरच नांगर टाकले आणि वाट पाहिली. गुणाजीला ते ओळखता आले नाही. पहिलीच खेप, पाऊस खाऊन आलेला, घरी बायको भरल्या दिवसांची. त्याने जाळ उजव्या हाताला धरला, लहानपणी बापाने शिकवले होते तसाच, आणि होडी आत घातली. पण हा जाळ सड्याच्या दक्षिणेचा, त्याच्या उत्तरेला खाडी नव्हती. सड्याच्या मुळाशी खडपे होती.

थोड्याच वेळाने काशी मडके घेऊन सड्यावर पोहोचली आणि विस्ताई पेटली. बाहेर थांबलेल्या दोन्ही होड्या तिच्या उजेडात सुखरूप आल्या.

सकाळी गाव किनाऱ्यावर जमला. गुणाजीच्या होडीवरचा एकच म्हातारा खलाशी वाचला होता. माणसे काशीवर धावून गेली. आग वेळेवर पेटली नाही, बाई झोपली असणार, असे जो तो म्हणू लागला. विस्तव मागायला आपण कोणाकोणाच्या दारात गेलो होतो, ते काशीने सांगितले नाही, आणि ज्या बायकांनी नाही म्हटले होते त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. तेव्हा तो म्हातारा खलाशी वाळूत बसल्या बसल्या म्हणाला, “इस्ताय पेटलली हुती. गुण्यान बघल्यान, मियाव बघलंय. तिका उजव्या हाताक धरूनच आमी होडी आत घातली.”

लोक चपापले. आग पेटलेली होती तर मग काशीचा दोष नाही. कोणाचाच नाही. समुद्राने नेला, दुसरे काय, असे म्हणून माणसे निवळायला लागली. तिथेच ते संपले असते. म्हाळसा गप्प राहिली असती तर तिला कोणी कधी एक शब्द बोलले नसते, उलट मुलगा गेलेली आई म्हणून गावाने तिला जपले असते. तिच्या खळ्यातला जाळ शेजारच्या कोणी किंवा जुन्या तांडेलांनी पाहिला असला, तरी त्यांनी तो बोलून दाखवला नसता.

ती गर्दीतून पुढे आली आणि म्हणाली, “ती इस्ताय न्हय. ती माझ्या खळ्यातली आग हुती. काशीन माझ्याकडे इस्तव मागल्यान, मिया दिलंय नाय.”

एवढेच बोलली. रडणे नंतरचे. म्हाळसा काशीपुढे जाऊन उभी राहिली, पण काय मागावे ते तिला सुचेना. काशीने तिच्याकडे पाहिले आणि ती सड्यावर आपल्या चुलीकडे निघून गेली.

त्या दिवसाच्या तिन्हीसांजेला म्हाळसेने तुळशीपुढे दिवा लावला आणि लगेच चुलीतला विस्तव मडक्यात काढून, वर राख घालून, दाराबाहेर पायरीखाली ठेवला. दिवा लागल्यानंतर, उंबऱ्याबाहेर. सगळ्या गावाने पाहिले. दुसऱ्या दिवशीही ठेवला, तिसऱ्या दिवशीही. चार घरांतल्या बायकांना ते अपशकुनी वाटले. मग हळूहळू ज्या बायकांनी त्या संध्याकाळी नाही म्हटले होते त्याही ठेवू लागल्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते. न ठेवता त्यांना झोप लागेना, असे म्हणतात.

म्हाळसा मात्र ठेवून नुसती आत जात नसे. दारात बसून राही. ती काशीची वाट पाहत असे. काशीने एकदा येऊन मागावे आणि आपण ‘घे’ म्हणावे, एवढेच तिला हवे होते. गेलेला मुलगा त्याने येणार नव्हता, हे तिला कळत होते. तरी तो एक शब्द तिच्याजवळ राहून गेला होता आणि तो तिला आत टोचत असे.

काशी रोज त्या दारावरून जाई. पावसाने तिची आग विझली असेल तेव्हाही जाई, पण सरळ कुंभारवाडीला जाऊन निखारे आणी आणि तेच मडके घेऊन म्हाळसेच्या दारावरून परत सड्यावर चढे. पायरीखालच्या मडक्याकडे तिने कधी पाहिले नाही. काही म्हणतात, तिचा राग गेला नव्हता. काही म्हणतात, तसे नव्हते. आपण मागितले की या बाईला ती संध्याकाळ पुन्हा आठवेल, म्हणून तिने मागितले नाही. खरे काय ते काशीलाच माहीत, आणि काशीने कोणाला सांगितले नाही. एके वर्षी ती सड्यावरच, चुलीशी बसल्या जागी गेली. म्हाळसेच्या कानावर ते आले तेव्हा ती, आता कोण मागणार, एवढेच म्हणाली.

गुणाजीच्या बायकोला मुलगी झाली होती. तिचे नाव आवडी. आजीला रोज दारात बसलेली पाहतच ती मोठी झाली. म्हाळसा अंथरुणाला खिळली तेव्हा विस्तव बाहेर ठेवण्याचे काम आवडीकडे आले. एका तिन्हीसांजेला आवडीने दिवा लावला, मडके बाहेर नेले, आणि आत परत आलीच नाही. खळ्याच्या कडेला, काशी उभी राहिली होती तिथे जाऊन उभी राहिली आणि तिथून हाक घातली, “म्हाळसावयनी, वायच इस्तव दी.” आजीला वयनी म्हणणे तिला जड गेले असेल. पण तिने पुढचेही म्हटले. “तुझो झील दर्यात आसा म्हणानच मागतंय.”

आतून म्हाळसेचा आवाज आला. “तू काशी न्हय गो,” ती म्हणाली. “पण घे.”

आवडीने मडके उचलले आणि ती सड्यावर गेली. तो विस्तव विस्ताईच्या चुलीत घालून परतली तेव्हा म्हाळसा गेलेली होती.

आजही मोरवेळमध्ये दिवे लागले की प्रत्येक दाराबाहेर एक लहान मडके येते. घरोघरी गॅस आहे, पलीकडे दीपस्तंभ आहे, होड्यांवर यंत्रे आहेत. तो विस्तव कोणी घेऊन जात नाही. सकाळी त्या राखेने भांडी घासतात. पाहुणे विचारतात की मग ठेवता कशाला? बायका सांगतात, कोणाला लागेल ते सांगता येत नाही, पण लागला तर त्याला मागायची वेळ येता नये. आमच्याकडे विस्ताईचा अर्थ एवढाच आहे.

आणि कार्तिक वद्य त्रयोदशीला, दिवा लागल्यावर, गावातली एक बाई पायथ्याच्या त्या पहिल्या घराच्या खळ्याशी उभी राहते आणि काशीचे शब्द बोलते. आतून घरची थोरली बाई म्हाळसेचे शब्द बोलते. मग तिथला विस्तव वर जातो आणि वर्षातून एकदा सड्यावरची चूल पेटते. मध्यंतरी एका भल्या माणसाने सुचवले होते की आलेल्या बाईला ‘तू काशी न्हय’ म्हणणे बरे दिसत नाही, तेवढे गाळावे आणि नुसते ‘घे’ म्हणावे. गावाने ऐकून घेतले. पण शब्द तेच राहिले. मागणारी बाई तेवढे ऐकून घेते, खाली वाकते आणि मडके उचलते.